बागेतलं रिंगण : उघड्यावरच्या एका फाईटचं प्रकरण

कराटे-किकबॉक्सिंगच्या क्लासात स्पारिंगला, म्हणजे जोडीने लढायच्या सरावाला, कोणी स्पारिंग म्हणत नाही. ‘सर, आज फाईट आहे का?’ असंच विचारतात. चार भिंतींच्या आत हा शब्द निरुपद्रवी असतो. रविवारी संध्याकाळी, भेळेच्या गाडीपासून पंधरा पावलांवर, भरल्या बागेत तोच शब्द कानावर पडला की कोणीतरी ११२ ला फोन लावतं.

हे प्रकरण कोकण किनाऱ्यावरच्या एका शहरातलं, नगरपरिषदेच्या बागेतलं. हा एकाच घटनेचा पंचनामा नव्हे. उघड्यावरच्या सरावात पुन्हा पुन्हा जे घडतं ते एका संध्याकाळीत गुंफलं आहे. म्हणून शहराचं, क्लासचं, माणसांचं नाव कुठे नाही.

मे महिना आणि किल्ली

क्लास वर्षभर एका शाळेच्या सभागृहात चालायचा. लादीवर एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या मॅट, भिंतीला लावलेल्या दोन जुन्या गाद्या, दाराला आतून कडी. मे महिन्यात शाळेला सुट्टी, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई गावी. मंगल कार्यालयं लग्नसराईत अडकलेली. जूनमध्ये बेल्टची परीक्षा, त्यामुळे फाईटचा सराव थांबवणं कोणाला परवडणारं नव्हतं. म्हणून बाग.

गोची अशी की कोकणातली शहरं मे महिन्यातच सगळ्यात जास्त भरलेली असतात. चाकरमानी आलेले, घराघरात भाचे-पुतणे, त्यात पर्यटक. ज्या बागेत मार्चच्या संध्याकाळी चाळीस माणसं दिसतात तिथे मेमध्ये पाय ठेवायला जागा नसते. सभागृह ज्या सुट्टीमुळे बंद झालं, त्याच सुट्टीमुळे बाग भरली. क्लासच्या कोणाच्या हे ध्यानात आलं नाही असं नाही. ‘कोपऱ्यात करू, कोणाला काय त्रास’ असं ठरलं, आणि बागेच्या राखणदाराला तोंडी विचारून झालं. राखणदाराने ‘करा की’ म्हटलं. तेवढीच परवानगी.

जागा

हिरवळीचा तुकडा साधारण २२ बाय १४ मीटर. एका लांब बाजूला पेव्हर ब्लॉकची चालायची वाट, तिच्या कडेला जांभ्याचे चिरे उभे लावलेले, हिरवळीपासून सुमारे १५ सेंटिमीटर वर. दुसऱ्या बाजूला घसरगुंडी आणि झोपाळे. पश्चिमेला सुरूची रांग, तिच्यापलीकडे समुद्र. माळ्याने साडेचारला पाइप मारलेला, त्यामुळे मधला भाग ओला.

लढणाऱ्याच्या नजरेने ही जागा वाचली तर चार गोष्टी लगेच खटकतात. चिऱ्याची कड बरोबर टाचेला अडकेल एवढ्या उंचीची आहे. ओल्या गवतावर मागचा पाय सुटतो. सुरूची सुकलेली बारीक, खरबरीत फळं अनवाणी तळव्याला टोचतात आणि माणूस नेमका लाथ उचलताना पाय झटकतो. आणि सूर्य. मेच्या मध्याला या किनाऱ्यावर सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. सहा ते पावणेसात पश्चिमेकडे तोंड असलेल्याला समोरच्याचा हात उशिरा दिसतो. जोड्या उत्तर-दक्षिण उभ्या केल्या असत्या तर निदान हे एक तरी टळलं असतं. पण वाटेवरून चालणाऱ्यांना पाठ दाखवायची नाही म्हणून त्या पूर्व-पश्चिम उभ्या राहिल्या.

संध्याकाळ

माणसं सोळा, त्यांत चार जण अठराच्या आतले. पावणेसहाला वॉर्मअप. सहा वाजून पाच मिनिटांनी पॅडवर लाथा-बुक्क्या सुरू झाल्या. पॅडचा आवाज सभागृहात घुमतो, उघड्यावर तो फटाक्यासारखा लांब जातो. पाच मिनिटांत वीसेक माणसं, त्यांतल्या अर्ध्यांचे मोबाइल वर.

सहा वीसला फाईट. एका वेळी दोन जोड्या, दोन मिनिटांचा राउंड, एक मिनिट विश्रांती. सुरुवातीला रिंगण आठ-नऊ मीटरचं होतं. ते कोणी आखलेलं नव्हतं, बघणाऱ्यांनी आपसूक सोडलेलं होतं. साडेसहापर्यंत गर्दी साठ-सत्तरवर गेली. मागच्यांना दिसेना म्हणून ते पुढे सरकले, पुढचे खाली बसले, बसलेल्यांच्या पुढे मुलं येऊन बसली. रिंगण पाच मीटरवर आलं. आत अजून दोन जोड्या.

तिसऱ्या राउंडला एकोणीस वर्षांचा एक मुलगा चौतीसच्या, वजनाने पंधरा-सोळा किलोंनी जास्त माणसासमोर होता. मुलाच्या हातात कराटेचे पातळ मिट्स, समोरच्याच्या हातात सोळा औंसी बॉक्सिंग ग्लोव्ह्ज. गर्दीतून ‘मार, मार’ सुरू झालं. दोघांचा वेग वाढला. ठरलेलं ‘हलका स्पर्श’ कुठे गेलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. मुलगा सरळ रेषेत मागे सरला, टाच चिऱ्याला अडकली, तो पाठीवर आडवा झाला आणि डोक्याची मागची बाजू पेव्हर ब्लॉकवर आपटली. पडताना त्याचा पाय वाटेच्या कडेला बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाच्या घोट्यावर आला.

मुलाने भोकाड पसरलं. त्याचा मुंबईहून आलेला मामा रिंगणात घुसला आणि पहिला जो ग्लोव्ह्जवाला दिसला त्याची कॉलर धरली. ‘पोरं बसलीयत दिसत नाय काय?’ दोघे सोडवायला गेले, लांबून बघणाऱ्याला ती चौघांची हाणामारी दिसली. फोन या क्षणी गेला असावा. पोलीस बाराव्या-पंधराव्या मिनिटाला आले, दोन शिपाई, एक मोटारसायकल.

या बारा मिनिटांत पडलेल्या मुलाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तो उठला, ‘काय नाय झालं’ म्हणाला, सुरूच्या बुंध्याला टेकून बसला. साडेसातला मित्राच्या स्कूटरवर मागे बसून घरी निघाला. वाटेत दोनदा उलटी. रात्री जिल्हा रुग्णालय, सीटी स्कॅन. रक्तस्राव नव्हता, पण मेंदूला झटका (कन्कशन) बसलेला होता. लहान मुलाच्या घोट्याचा एक्स-रे साफ निघाला, मुरगळा होता.

चूक नेमकी कुठे

दुसऱ्या दिवशी गावात दोन मतं होती. एक, असले मारामारीचे प्रकार बागेत नकोतच. दोन, मामाने विनाकारण तमाशा केला. दोन्ही मतांना चिऱ्याची कड दिसली नव्हती.

सभागृहात फाईट सुरक्षित वाटते, कारण तिथल्या अर्ध्या गोष्टी न बोलता सुरक्षा देतात. मॅट पडणं झेलते. भिंतीपाशी गेलं की सर थांबवतात. आत जे आहेत त्या सगळ्यांना ‘यामे’ म्हणजे थांब हे माहीत असतं. बघणारे आपलेच, त्यामुळे ओरडत नाहीत. बागेत यांतलं काहीच नसतं. भिंतीच्या जागी माणसं येतात, आणि माणसांची भिंत सरकते. सहा वीसला नऊ मीटर असलेली जागा साडेसहाला पाच झाली, तरी लढणाऱ्यांच्या डोक्यात नऊच होती. ते खाली बघत नाहीत, समोरच्याच्या खांद्याकडे बघतात. मागे सरणारा माणूस दोन-तीन पावलांत सहज अडीच मीटर जातो. पाच मीटरच्या रिंगणात दोन जोड्या म्हणजे प्रत्येकाच्या पाठीमागे तेवढंही उरत नाही. कराटेच्या स्पर्धेत एका जोडीला ८ बाय ८ मीटरची चटई देतात आणि भोवती आणखी मोकळी कडा सोडतात, ती उगीच नाही.

म्हणजे पहिली चूक गर्दी नव्हे. रिंगण आटल्यावर फाईट न थांबवणं ही चूक. आणि थांबवायचं कोणी? सर स्वतः दुसऱ्या जोडीचं पंचपण करत होते. रिंगणाकडे बघायला एकही मोकळा माणूस नव्हता.

गर्दीला मागे सारण्यासाठी बहुतेक क्लास गुडघ्याएवढ्या उंचीवर दोरी बांधतात. ते दोरी नसण्याहून वाईट. मागे येणारा तिच्यात अडकून गर्दीवरच पडतो. दोरी लावायची तर छातीच्या उंचीवर, रंगीत चिंध्या बांधून, आणि लढायच्या जागेपासून किमान दोन मीटर बाहेर. बघणाऱ्यांना बसवणं चांगलं, बसलेली माणसं एकदम पुढे लोटत नाहीत. पण बसलेला माणूस पटकन उठून बाजूलाही होत नाही, म्हणून बसलेल्यांना दोनऐवजी तीन मीटर. मुलांना पुढच्या ओळीत बसू द्यायचं नाही, कितीही रडली तरी.

ग्लोव्ह्जची जोडी जुळवणं ही क्लासच्या आतली गोष्ट, पण इथे तीही नडली. पातळ मिट्सवाल्याचा ठोसा जास्त टोचतो, सोळा औंसवाल्याचा जास्त ढकलतो. वजनातला फरक धरला तर मुलगा मागेच जाणार होता. एका जोडीत दोघांना एकाच वजनाचे ग्लोव्ह्ज, वजनात दहा किलोंहून जास्त फरक असेल तर डोक्यावर ठोसा नाही, हा नियम सभागृहात पाळला जायचा. बागेत सामान अर्धंच आणलं होतं. कोकणच्या मेमध्ये दोन मिनिटांचे राउंडसुद्धा लांबच. हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि तिसऱ्या राउंडला गार्ड, म्हणजे तोंडासमोर धरलेले हात, खाली येतो. दीड मिनिट लढत, दीड मिनिट विश्रांती, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाऊण पेला पाणी. सोबत मीठ घातलेलं कोकम सरबत असेल तर उत्तम.

पोलीस आणि कायदा

शिपायांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘परवानगी आहे का?’ आणि दुसरा, ‘मारामारी कोण करत होतं?’ पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर द्यायला पाच जण एकदम बोलायला लागले.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १९४ प्रमाणे दोन किंवा अधिक माणसांनी सार्वजनिक जागी भांडून सार्वजनिक शांतता भंग केली तर तो गुन्हा. शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सराव हे भांडण नव्हे हा बचाव टिकतो, पण ‘शांतता भंग’ हा भाग गर्दी कशी वागली यावर बराच अवलंबून राहतो, आणि गर्दी क्लासच्या हातात नसते.

कलम २५ जास्त कामाचं. अठरा वर्षांवरच्या माणसाने होकार दिलेला असेल आणि मृत्यू किंवा गंभीर इजा व्हावी असा हेतू नसेल, तशी शक्यताही माहीत नसेल, तर त्या होकारातून झालेली इजा गुन्हा ठरत नाही. जुन्या दंडसंहितेचं कलम ८७ हेच. त्याखालचं उदाहरणच मौजेखातर एकमेकांशी तलवारबाजी खेळायला राजी झालेल्या दोघांचं आहे : नियमाने खेळताना एकाने दुसऱ्याला दुखापत केली तर अपराध नाही. यापेक्षा जवळचं उदाहरण क्लासला शोधून सापडणार नाही. पण दोन अडचणी आहेत. अठराच्या आतल्यांचा स्वतःचा होकार या कलमाला पुरत नाही. आणि हा होकार लढणाऱ्या दोघांपुरता असतो, कडेला बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाने काहीही मान्य केलेलं नसतं. त्याच्या बाबतीत बघितलं जातं ते निष्काळजीपण, म्हणजे कलम १२५, आणि त्यावर उत्तर असतं ते पुरेशी काळजी घेऊनही झालेल्या अपघाताचं, कलम १८. ‘पुरेशी काळजी’ दाखवायला दोरी, पाटी, नेमलेली माणसं, लेखी परवानगी यांतलं काहीतरी हातात लागतं. इथे काहीच नव्हतं.

काठी, लाठी किंवा दांडपट्ट्याचा सराव असेल तर आणखी एक पायरी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, सणासुदीला आणि निवडणुकीला हमखास. त्यांत लाठ्या-काठ्या बाळगण्यावर बंदी येऊ शकते, पाच किंवा अधिक माणसांच्या जमावावरही. बागेत जाण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घेणं हा पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

त्या संध्याकाळी प्रकरण वाढलं नाही, याचं श्रेय एका मुलीचं. ती लढत नव्हती, साध्या कपड्यात होती. तिने एका शिपायाला बाजूला नेऊन ‘साहेब, हा आमचा कराटेचा सराव होता, हे बघा सगळ्यांचे माउथगार्ड आणि शिनगार्ड’ असं म्हणत सामानाची पिशवी उघडून दाखवली. दुसऱ्या शिपायाने मामाला शांत केलं. ठाण्याच्या डायरीत नोंद झाली, तक्रार झाली नाही. सर दुसऱ्या दिवशी दवाखान्याची पावती मागायला मुलाच्या घरी गेले आणि पैसे देऊन आले. मामाने चहा पाजला.

बुंध्याला टेकून बसलेला

डोक्याला मार लागलेला माणूस बहुतेक वेळा शांत असतो. गोंधळ करतो तो घोटा मुरगळलेला. म्हणून गोंधळाच्या वेळी एका माणसाने फक्त शांत बसलेल्यांकडे बघायचं असतं.

पडून डोकं आपटलं की त्या दिवशी पुन्हा फाईट नाही, कितीही बरं वाटलं तरी. मान दुखत असेल तर त्याला हलवायचं नाही. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, शेवटचा राउंड कोणाशी होता हे विचारायचं. उत्तर अडखळलं तर शंका पक्की. पहिले काही तास एकट्याला सोडायचं नाही, गाडी चालवू द्यायची नाही, मद्य तर नाहीच. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, डोळ्याची एक बाहुली मोठी, फिट येणं, न उतरणारी गुंगी, हातापायात कमजोरी, बरळणं, यांतलं एकही दिसलं की १०८ ला फोन करून रुग्णालय. स्कॅन साफ आला म्हणजे झटका नव्हता असं नाही. स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची चीर बघतो, झटका लक्षणांवरून ओळखतात. पुढचे एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग हलका व्यायाम, मग एकट्याने पॅड. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, लक्षणं परतली की एक पायरी मागे. अंगाला अंग लावायचं ते डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. या मुलाला साडेतीन आठवडे लागले. बेल्टची परीक्षा हुकली.

मग काय केलं

नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं : तारीख, वेळ, माणसांची संख्या, कोणता प्रकार, जबाबदार व्यक्तीचा फोन, प्रथमोपचाराची सोय. प्रत पोलीस ठाण्याला. बागेसाठी परवानगी मिळाली ती काता (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली) आणि पॅडपुरती, फाईट वगळून. खरं तर हे चांगलंच झालं. संध्याकाळच्या भरल्या बागेत फाईट सुरक्षितपणे करता येते असं मानणाऱ्यांनी आधी आठ मीटर मोजून बघावेत.

फाईट किनाऱ्यावर गेली, सकाळी सातला. वाळूचं गणित वेगळं. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, लाथेला आधार मिळत नाही. ओहोटीनंतरची ओली, दबलेली वाळू बरी, पडलं तर लागत कमी. पण ओल्या वाळूत टेकलेला पाय चिकटतो आणि गोल लाथेला अंग फिरलं तरी पाऊल फिरत नाही, मुरड गुडघ्यात जाते. म्हणून गोल लाथा पॅडवरच, फाईटमध्ये सरळ लाथ आणि हात.

ती दबलेली वाळू सकाळी सातला कधी असते ते इथल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारावं. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते मिळतं : अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर. म्हणजे सातच्या फाईटला प्रतिपदा ते तृतीया उत्तम, अष्टमी-नवमीला सातला पाणी वरपर्यंत. तिथ्या आठवड्याला साधारण सात सरकतात, त्यामुळे चांगला रविवार एक आड एक येतो. मधल्या रविवारी बागेत काता.

सूर्य सकाळी मागे, शहराच्या बाजूला. बघणारे चार-पाच, तेही चालायला आलेले. तरी पाटी ठेवली : ‘कराटेचा सराव चालू आहे. कृपया दोरीबाहेर थांबा.’ दोन जण लढत नाहीत. एक पिवळा टी-शर्ट घालून फक्त लोकांशी बोलतो, दुसरा रिंगणाकडे बघतो आणि त्याची शिट्टी वाजली की सरांनाही थांबावं लागतं. एका वेळी एकच जोडी. सुरू करण्याआधी चौघे हातभर अंतराने ओळीत चालून काचा, शिंपले, काटक्या उचलतात. अठराच्या आतल्यांची फाईट किनाऱ्यावर नाही.

पहिल्याच रविवारी अडचण आली ती वेगळीच. त्याच पट्ट्यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं आली. रापणीच्या दोऱ्या रिंगणातून जाणार होत्या, आणि त्या वाळूवर क्लासच्या आधीपासून हक्क कोणाचा हे सांगायची गरज नव्हती. पिवळा टी-शर्ट तांडेलाशी, म्हणजे मच्छीमारांच्या म्होरक्याशी, बोलून आला. सामान उचललं, दक्षिणेला दोनशे पावलं सरकले, पुन्हा चौघांची ओळ करून वाळू विंचरली. पुढच्या खेपेपासून जागा ठरवायच्या आधी तांडेलाला फोन करायचं ठरलं.

जूनच्या पहिल्या पावसाने लाटा दबलेला पट्टा खाऊन वरपर्यंत आल्या. शाळा उघडली, शिपाई परतला आणि किल्ली मिळाली. सभागृहात एक बदल झाला : भिंतीपासून दीड मीटरवर लाल पट्टी चिकटवली आहे, आणि पिवळा टी-शर्ट आता तिथेही शिट्टी घेऊन उभा असतो.